मोजणीबाईचं कव्हर

माझ्या जावयाला सगळा धक्का अ‍ॅडमिरल म्हणतो. त्याला वाटतं, कौतुकानं म्हणतात. डोक्यावर सोनेरी पट्टीची पांढरी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि बोटीनं खाडीचं तोंड ओलांडायच्या आत कठड्यावर ओणवं होऊन सकाळचा चहा समुद्राला अर्पण. माशांना चहा पाजणारा तांडेल मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. तांडेल म्हणजे बोट चालवणारा माणूस, पण आमच्याकडे उलटं आहे. बोटच याला फिरवून आणते आणि धक्क्यावर उतरवून देते. उतरला की मात्र याची बडबड सुरू. उथळ पाण्याला खळखळाट फार.

तोंडावर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणते, जावई आहे म्हणून. पाठीमागे काय म्हणते ते शेडमधल्या बायकांना ठाऊक आहे, आणि त्या ते इमानानं त्याच्यापर्यंत पोचवतात. माझे कष्ट वाचतात.

माझी शेड धक्क्याला लागूनच आहे. आत लांबलचक स्टीलचं टेबल, पाण्याची नळी, कोपऱ्यात वजनकाटा. बोटीवरून आलेली कोळंबी टेबलावर ओततात आणि आम्ही बायका निवडतो. मोठी डावीकडच्या क्रेटमध्ये, मधली उजवीकडच्या, आणि बारीक खाली टोपलीत. बारीक कोळंबीला आम्ही कचरा म्हणतो. ती सोलायला बसलं की बोटांना काटे टोचून टोचून चाळणी होते आणि हाती येतं चिमूटभर. शेवटी ती वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तीच अजून थोडे दिवस पाण्यात राहिली असती तर कुणाच्या तरी ताटात मानानं बसली असती. पण एवढा धीर धरील तो मच्छीमार कसला!

बोट माझी. नवरा गेला तेव्हा माझ्या नावावर झाली. मुलगी एकच, आणि त्या एकुलतीनं हा निवडला. लहानपणापासून माझ्या टेबलाशी उभी राहून निवडायला शिकलेली पोर, आणि नवरा निवडताना नेमका हा टोपलीतला उचलला. प्रेम आंधळं असतं म्हणतात. आमच्या घरातलं बहिरंही निघालं, कारण याची बडबड तिला ऐकूच येत नाही. दोघं शेडच्या वरच्या मजल्यावर राहतात, माझ्या खोलीच्या पलीकडे. ती दिवसभर मागच्या पडवीत जाळी विणते आणि दुरुस्त करते. तिच्या हाताची गाठ सुटलेली मी पाहिली नाही. तेवढं एक माझ्यावर गेलंय.

एक दिवस ती सुई चालवता चालवता म्हणाली, “आई, बोट ह्यांच्या नावावर कर.”

“का? माझा हात काय मोडलाय सही करायला? आणि तुझ्या नवऱ्याला बोट मिळाली तर तो तिचं काय करील, टोपी घालील?”

“नाहीतर आम्ही जातो. ह्यांना शहरात शीतगृहात काम मिळतंय. मालाच्या गाड्या आत-बाहेर करायचं.”

भांडून म्हणाली असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण ती शांतपणे म्हणाली, मान वर न करता. ती गेली तर मागे उरणार काय? एक टेबल, एक नळी, आणि भांडायला माणूस नाही. मला भीती वाटली, आणि मी घाबरले की माझी जीभ जास्तच चालते. मी म्हटलं, “ठीक आहे. तुझ्या बापाच्या वेळी बोट लागली की शेडच्या खिडकीच्या काठापर्यंत क्रेटांचा थर लागायचा. तुझ्या नवऱ्यानं एक अख्खा हंगाम तसा थर लावून दाखवावा. बोट त्याची.”

मी मनात खदाखदा हसले. हा आणि खिडकीपर्यंत थर! याचे क्रेट गुडघ्याला लागत नव्हते. हंगाम संपेपर्यंत तरी मुलगी कुठे जात नाही, तोवर काहीतरी होईल, असा माझा हिशेब.

झालं काय, तर मोजणीबाई झाली.

ती मत्स्यखात्याच्या कुठल्याशा संशोधन केंद्रातून आली होती. पोरगेलीच, पायात रबरी बूट, खिशात मापाचा चिमटा. धक्क्यावर सगळ्या तांडेलांना जमवून तिनं समजावलं, की जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचे आस, म्हणजे भोकं, तुमच्याकडे फार बारीक आहेत, आणि तिरपी आहेत. ओढ बसली की ती मिटतात आणि पिल्लूसुद्धा बाहेर पडत नाही. आम्ही चौकोनी, मोठ्या भोकांची पिशवी देतो. ती ताणली तरी उघडी राहते. लहान कोळंबी निसटेल, मोठी राहील.

“किती लहान निसटेल?” कुणीतरी विचारलं.

“तेच मोजायचंय,” ती म्हणाली. “ज्या मापाची निम्मी कोळंबी अडकते आणि निम्मी सुटते, ते त्या जाळ्याचं माप.”

निम्मी अडकते आणि निम्मी सुटते! आमच्या धक्क्यावरची लग्नंही याच मापाची आहेत, त्याला चिमटा कशाला लागतो? मी हे मोठ्यानं म्हटलं. बायका हसल्या, मोजणीबाईही हसली. त्या पोरीचा मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

प्रयोगाला बोट कोण देणार म्हटल्यावर सगळ्यांनी पायाखालची फरशी न्याहाळायला सुरुवात केली. आमचा अ‍ॅडमिरल तेवढा पुढे झाला, कारण मोजणीबाईच्या गळ्यात कॅमेरा होता.

प्रयोगाची रीत अशी. मोठ्या भोकांच्या नव्या पिशवीवर बाहेरून दुसरी, अगदी मच्छरदाणीसारख्या बारीक भोकांची मोठी पिशवी चढवायची. तिला ती कव्हर म्हणायची. आतल्या पिशवीतून जे निसटेल ते कव्हरमध्ये सापडतं. मग दोन्ही पिशव्या वेगळ्या ओतायच्या, एकेका कोळंबीला चिमटा लावायचा, डोळ्याच्या खाचेपासून पाठीच्या कवचाच्या काठापर्यंत, आणि किती मोठी राहिली, किती लहान सुटली ते लिहायचं. म्हणजे कव्हर हे पकडायचं साधन नव्हे. काय सुटलं ते बघायचं साधन.

हे एवढं साधं वाक्य आमच्या धक्क्यावर एकालाही कळलं नाही. किंवा सगळ्यांना फारच छान कळलं.

मोजणीबाईचे प्रयोगाचे दिवस झाले. नवी पिशवी उत्तम चालली, कव्हर बारीक कोळंबीनं गच्च भरून येत होतं. बाई खुश. “पुढच्या हंगामात परत येऊन पुन्हा मोजते,” म्हणाली, आणि सामान बोटीवरच ठेवून दुसऱ्या बंदराला गेली. बारीक जाळं बाळगायला मनाई असते, म्हणून परवानगीचा एक कागदही देऊन गेली. अ‍ॅडमिरलनं तो सुकाणूच्या खोलीत काच लावून टांगला, जसा काही त्याला पदवीच मिळाली होती.

आणि त्यानंतर आमच्या शेडसमोर खिडकीच्या काठापर्यंत थर लागू लागला.

पहिल्या दिवशी मी थक्क झाले. दुसऱ्या दिवशी टेबलावर क्रेट ओतला आणि सगळा उलगडा झाला. वरचा थर बरा, खाली नुसता कचरा. नखाएवढी, आरपार दिसणारी, तांदळाच्या कण्यांसारखी कोळंबी. याने मोजणीबाईचं कव्हर काढलंच नव्हतं. आतली पिशवी कायद्याची, बाहेरची पिशवी विज्ञानाची, आणि दोन्हींमधून एकही जीव बाहेर नाही.

“जावई,” मी म्हटलं, “कव्हर अजून चढवलेलं आहे?”

“प्रयोग चालू आहे, मामी,” तो चष्मा वर करत मोठ्या अदबीनं बोलला. “परवानगी आहे आपल्याकडे.”

“मोजतंय कोण?”

“वजन करतो ना आपण रोज!”

धक्क्यावर तपासणीला येणारा शिपाई काचेतला कागद बघून सलाम ठोकून गेला. मग काय विचारता! आठवडाभरात शेजारच्या बोटीवर कव्हर आलं, मग पलीकडच्या. जो तो अ‍ॅडमिरलच्या कागदाची झेरॉक्स काढून, काच लावून टांगायला लागला. झेरॉक्सवर आमच्याच बोटीचा नंबर, पण वाचतो कोण? जे तांडेल मोठ्या भोकांचं नाव काढताच अंगावर धावून आले होते, तेच आता मिशीला पीळ देत म्हणत होते, “आमच्याकडे संशोधन चालतं.” एवढे शास्त्रज्ञ एका धक्क्यावर जगात कुठे जमले नसतील. शिंकताना नाक कुठल्या हातानं पुसावं हे ज्यांना बायकोला विचारावं लागतं, ते सगळे शास्त्रज्ञ!

इकडे आमच्या बोटांची चाळणी. टोपल्या कमी पडायला लागल्या, तेव्हा मोठ्या कोळंबीचे क्रेट बारीकसाठी घेतले. मोठीला क्रेट लागतच नव्हते.

शेवटी माझं डोकं फिरलं. बोट माझी, जाळं माझं. जाळी कापायची सुरी घेतली आणि मागच्या पडवीत गेले. कव्हर तिथे दुरुस्तीला टांगलं होतं. मुलगी खाली बसून त्याचं फाटलेलं टोक विणत होती. तिच्या मागे आणखी एक कव्हर होतं, नवं कोरं, अर्धं विणलेलं. तिच्याच हातच्या गाठी. धक्क्यावरचे सगळे शास्त्रज्ञ कुठून कव्हर आणत होते ते तेव्हा कळलं.

“बाजूला हो,” मी म्हटलं. “कापून टाकते. त्या टोपीवाल्याला अक्कल नाही, पण तुला तर आहे? त्यानं सांगितलं आणि तू विणायला बसलीस?”

“त्यांनी नाही सांगितलं,” ती म्हणाली. “मीच त्यांना म्हटलं, कव्हर काढू नका. ते तर काढायला निघाले होते. बाई रागावतील म्हणाले.”

माझी सुरी खाली आली.

“तूच म्हणालीस ना आई, खिडकीपर्यंत थर? थर लागला. किती मोठी कोळंबी ते तू म्हणालीच नाहीस.”

मी! जिचं अख्खं आयुष्य मोठी, मधली, बारीक करण्यात गेलं, ती मी अट घालताना एवढंच म्हणाले, थर लाव. हे बाकी कुणाकडून झालं असतं तर मी वर्षभर त्याची टिंगल केली असती.

“समुद्र खरवडून निघेल, पोरी. पुढच्या वर्षी खायचं काय?”

“ते मला कळत नाही असं वाटतं तुला?” तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. डोळे कोरडे होते, आणि त्याचाच मला जास्त धसका बसला. “काप. खुशाल काप. थर कमी पडला की तुझी अट मोडली, आणि आम्ही निघालो. तुला काय हवंय ते तू ठरव.”

कव्हर माझ्या हाताच्या अंतरावर लोंबत होतं. सुरीला धार होती. एक उभा काप दिला असता तर काम झालं असतं, बाकीच्यांनीही बघून धडा घेतला असता, निदान चार दिवस तरी. मी मुलीच्या मानेकडे बघितलं. लहानपणी तिथे मी तेल लावायचे.

मी सुरी कमरेला परत खोचली आणि टेबलावर जाऊन कचरा निवडायला लागले.

हंगाम असा गेला. थर लागत राहिला. अ‍ॅडमिरलची मी टिंगल करतच राहिले, पण बायका आता पूर्वीसारख्या हसत नव्हत्या, आणि मलाही त्यात चव राहिली नव्हती. हंगाम संपल्यावर तो टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला. मी म्हटलं, “बघू, पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला कागद करू.” त्यानं मान डोलावली. मुलगी पडवीत सुई चालवत होती. ती राहिली होती, आणि मला तेवढंच हवं होतं.

नव्या हंगामात मोजणीबाई ठरल्याप्रमाणे आली. ती येणार असल्याची बातमी आली आणि बाकीच्या सगळ्या बोटींवरून कव्हरं एका दिवसात अदृश्य झाली. घराघरांत गाद्या अचानक जाड झाल्या. काचेतल्या झेरॉक्सच्या जागी मुलांचे फोटो आले. धक्का असा निरागस दिसत होता की माझ्याच गालावर लाज चढली.

मालकीण म्हणून मीही बोटीवर गेले. खाडीचं तोंड आलं, अ‍ॅडमिरल कठड्यावर ओणवा झाला, चहा झाला. मग जाळं सोडलं, ओढलं. जाळं ओढणारा विंच कुरकुरला, पिशवी वर आली. कव्हर तिच्याभोवती ओल्या कपड्यासारखं चिकटलेलं होतं. मोजणीबाईनं स्वतः गाठ सोडली. कव्हरमधून पडलं ते थोडं शेवाळ, एक प्लास्टिकची चप्पल आणि एक खेकडा. आतल्या पिशवीत मूठ-दोन मुठी मोठी कोळंबी.

बारीक एकही नाही.

“पाहिलंत मॅडम?” अ‍ॅडमिरल तोंड पुसत पुढे आला. खरंच आनंदला होता बिचारा. “एकसुद्धा सुटली नाही! जाळं असावं तर असं!”

खलाशांनी टाळ्या वाजवल्या. देवा, खरंच वाजवल्या.

“सुटायला आधी आत यावी लागते,” मोजणीबाई म्हणाली. हातातला चिमटा तिनं उघडला, मिटला, आणि खिशात ठेवला. मोजायला काही नव्हतं. मग माझ्याकडे वळली. “मावशी, गेल्या हंगामात टेबलावर बारीक किती यायची?”

तिला कळलं होतं. तिला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी खरं सांगितलं असतं तर बोट गेली असती, जावई गेला असता, आणि त्याच्यामागे मुलगी.

“नेहमीसारखी,” मी म्हणाले.

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. चाळणी झालेली बोटं मी पदरात घेतली. धक्क्यावर उतरताना ती एवढंच म्हणाली, की खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायला बंदी घालायला लावते, पिल्लं परत दिसेपर्यंत. कधी दिसतील ते तिला सांगता येत नव्हतं.

बंदीची गरजच पडली नाही. चार फेऱ्या रिकाम्या आल्यावर बोटी आपोआप धक्क्याला बांधल्या गेल्या, आणि सगळे शास्त्रज्ञ परदेशी बोटींच्या नावानं बोटं मोडत पत्ते खेळायला बसले. नाचता येईना अंगण वाकडं. माझं टेबल कोरडं पडलं. बायका दुसरीकडे कामाला गेल्या.

मग एका दुपारी वरच्या मजल्यावरून बॅगा खाली आल्या.

मी कागद तयार करून ठेवला होता. बोट त्याच्या नावावर, सही करून. तो मी अ‍ॅडमिरलसमोर धरला. “घ्या. थर लावलात, बोट तुमची. आता कशाला जाताय?” आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तरी चढला. “दिलेला शब्द पाळतेय मी.”

त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. टोपीशिवाय तो बराच लहान दिसत होता, जवळजवळ कुणाचा तरी मुलगा वाटावा इतका. त्यानं कागद घेतला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

“मामी, मला बोट नकोच होती,” तो म्हणाला. “मला समुद्र सोसत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना हसत सांगता. शीतगृहातलं काम मला लग्नाच्या आधीच मिळत होतं. पण हिला तुम्हाला एकटं सोडवेना. बोट मिळाली तर हिचं इथे राहणं होईल, म्हणून रोज जात होतो.”

मी कागदाची घडी कमरेला खोचली.

मुलीनं वाकून नमस्कार केला. मी तिचा दंड धरला तो जरा जास्तच घट्ट धरला असावा, कारण तिनं माझी बोटं एकेक करून हळूच सोडवली.

“खाडीत पुन्हा पिल्लं दिसली की कळव,” ती म्हणाली.

“कळवलं तर येशील?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बॅगा उचलून पायऱ्या उतरत होता, जमिनीवर भक्कम पाय टाकत.

“येते, आई,” ती म्हणाली. निघताना माणूस तेच म्हणतं.